पायाखालचे दुसरे टोक

पृथ्वीवरच्या कोणत्याही ठिकाणाहून केंद्रातून आरपार सरळ रेघ ओढली, तर ती पलीकडे जिथे बाहेर पडेल तो त्या ठिकाणाचा विरुद्ध बिंदू. तो शोधायला अक्षांश आणि रेखांश हे दोनच आकडे लागतात, आणि ते शाळेच्या नकाशासंग्रहाच्या मागच्या सूचीतही मिळतात. अक्षांशाचा आकडा तोच राहतो, फक्त उत्तरेचा दक्षिण होतो किंवा दक्षिणेचा उत्तर. रेखांश १८० मधून वजा करायचा आणि पूर्वेच्या जागी पश्चिम किंवा पश्चिमेच्या जागी पूर्व लिहायचे. मुंबई सुमारे १८°५८′ उत्तर, ७२°५०′ पूर्व या जागी आहे. तिचा विरुद्ध बिंदू १८°५८′ दक्षिण, १०७°१०′ पश्चिम. हा बिंदू दक्षिण पॅसिफिक महासागरात पडतो.

चूक होते ती बहुतेक वेळा रेखांशात. अक्षांश विषुववृत्तापासून मोजतात आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजू सारख्याच असल्याने तिथे नुसती दिशा उलटली की काम होते. रेखांशाची गोष्ट वेगळी. तो ग्रिनिचपासून मोजतात आणि ग्रिनिचच्या पाठीमागे ग्रिनिच नाही, १८० अंशांचे रेखावृत्त आहे. म्हणून रेखांशात अर्धी प्रदक्षिणा घालावीच लागते. घाईने ७२°५०′ च्या पुढे फक्त ‘पश्चिम’ लिहिले तर उत्तर पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रात जाते, खऱ्या जागेपासून साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर. उत्तर पडताळण्याची एक सोपी खूण आहे: दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांची बेरीज बरोबर १८० आली पाहिजे.

आकडेमोड नको असेल तर पृथ्वीगोल आणि दोरा पुरतो. गोलाला पुरता वेढा बसेल एवढा दोरा घ्यावा, त्याची बरोबर निम्मी घडी करावी, एक टोक मुंबईवर धरावे आणि दुसरे गोलावरून ताणून न्यावे. दोरा उत्तरेकडे नेला, नैर्ऋत्येकडे नेला, कुठेही नेला, तरी टोक त्याच जागी येते. विरुद्ध बिंदूचा हा गुण सर्वांत विलक्षण म्हणावा लागेल. पृथ्वीवरच्या इतर प्रत्येक ठिकाणी जायला एक दिशा जवळची असते. या एकाच ठिकाणी जायला सगळ्या दिशा सारख्या, आणि कोणत्याही वाटेने गेले तरी अंतर सुमारे २० हजार किलोमीटर. मक्केचा विरुद्ध बिंदू फ्रेंच पॉलिनेशियात तेमातांगी या प्रवाळबेटापासून पन्नास-साठ किलोमीटरांवर समुद्रात येतो. त्या बिंदूवर नमाज पढणाऱ्याचे तोंड कोणत्याही दिशेला असले तरी भूमितीच्या हिशेबाने ते किब्ल्याकडेच, म्हणजे मक्केकडेच, असते. मुंबई मध्यभागी ठेवून, तिच्यापासूनची सर्व अंतरे खरी दिसतील असा जगाचा नकाशा काढला, तर तिचा विरुद्ध बिंदू त्या नकाशावर बिंदू म्हणून उरतच नाही. तो ताणला जाऊन नकाशाभोवतीचे संपूर्ण बाहेरचे वर्तुळ होतो.

पृथ्वी मात्र नेमकी गोल नाही. ध्रुवांकडे ती किंचित दबलेली आहे, त्यामुळे वरच्या नियमाला थोडी मुरड घालावी लागते. सर्व वाटा अगदी समान लांबीच्या नाहीत. ध्रुवावरून जाणारी वाट सर्वांत आखूड, म्हणजे मुंबईहून सरळ उत्तरेला किंवा सरळ दक्षिणेला. दुसरा परिणाम अधिक अनपेक्षित आहे. गवंड्याचा ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे रोखलेला असतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते, पण ते फक्त विषुववृत्तावर आणि ध्रुवांवर खरे ठरते. मुंबईच्या अक्षांशावर ओळंब्याची रेषा केंद्राला सुमारे सात कलांनी चुकवते. त्या रेषेवर बोगदा खणला तर तो विरुद्ध बिंदूवर न उघडता त्याच्या दक्षिणेला सुमारे २६ किलोमीटरांवर उघडेल.

असा बोगदा अर्थात कल्पनेतच खणता येतो. आरपार अंतर आहे सुमारे १२,७४२ किलोमीटर, आणि माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे, १२ किलोमीटरांपेक्षा थोडेच खोल आहे. महाराष्ट्रात कोयनेच्या भूकंपांचा उगम समजून घेण्यासाठी कऱ्हाडच्या संशोधन केंद्राने गोठणे येथे घेतलेले विंधनविवर तीन किलोमीटर खोल आहे. तरीही कल्पनेतल्या बोगद्याचा हिशेब भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवर्जून घातला जातो, कारण त्याचे उत्तर देखणे आहे. हवा आणि उष्णता बाजूला ठेवली आणि पृथ्वी सर्वत्र सारख्या घनतेची मानली, तर बोगद्यात सोडलेली वस्तू सुमारे ४२ मिनिटांत पलीकडच्या तोंडाशी पोहोचते आणि क्षणभर थांबून परत फिरते. पृथ्वीचा गाभा बाहेरच्या थरांपेक्षा कितीतरी घन आहे हे धरले की हा वेळ ३८ मिनिटांवर येतो.

पलीकडे आहे काय, हा खरा कुतूहलाचा भाग. महाराष्ट्रापुरते उत्तर एका शब्दात देता येते: पाणी. कोकण, देश, खानदेश, मराठवाडा, विदर्भ, सगळ्यांचे विरुद्ध बिंदू दक्षिण पॅसिफिकच्या एकाच मोकळ्या पट्ट्यात पडतात, आणि गोव्याचे त्यांच्या थोडे उत्तरेला. नागपूरच्या बिंदूपासून सर्वांत जवळची जमीन सुमारे साडेसातशे किलोमीटरांवर आहे, मुंबईच्या बिंदूपासून सुमारे साडेआठशे. ती जमीनही म्हणजे समुद्रातून वर आलेले खडक. वस्ती असलेली पहिली जागा, रापा नुई म्हणजेच ईस्टर बेट, मुंबईच्या बिंदूपासून नऊशे किलोमीटरांहून दूर आहे.

भारताची मुख्य भूमी ८°४′ ते ३७°६′ उत्तर अक्षांश आणि ६८°७′ ते ९७°२५′ पूर्व रेखांश यांच्या दरम्यान पसरलेली आहे. एवढा अवाढव्य देश पलटून पॅसिफिकवर ठेवला तर त्याच्याखाली जमिनीचे फक्त दोन ठिपके सापडतात. दोन्ही चिलीच्या मालकीचे, आणि दोन्हींच्या जोड्या राजस्थानात. रापा नुईचा विरुद्ध बिंदू जैसलमेरच्या वायव्येला, रामगढच्या वाटेवरच्या वाळवंटात येतो, जैसलमेरपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर. जैसलमेरला वर्षाचा पाऊस जेमतेम दोनशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो. रापा नुईवर तो हजार मिलिमीटरांहून अधिक, तरीही त्या बेटावर बारमाही वाहणारी एकही नदी नाही. पाणी जमिनीत मुरते, आणि त्याचा साठा करण्याची चिंता दोन्हीकडच्या माणसांना शतकानुशतके करावी लागली. रावळ जैसल याने जैसलमेर वसवले ते ११५६ मध्ये. पॉलिनेशियन दर्यावर्दी रापा नुईवर पोहोचले ते साधारण १२०० च्या सुमारास, असे आजचे बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. म्हणजे वाळवंटात पिवळ्या दगडाचा किल्ला उभा राहिला त्यानंतर दोन-तीन पिढ्यांच्या आत ठीक त्याच्या पायाखाली होड्या किनाऱ्याला लागल्या, आणि पुढे तिथे ज्वालामुखीच्या दगडातून मोआईंचे ते प्रचंड पुतळे कोरले गेले. एकमेकांपासून याहून दूर असणे कोणत्याही दोन समाजांना शक्य नाही. दोघांनी दगडाला हात घातला, आणि दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती.

दुसरा ठिपका आणखी लहान आहे. सालास इ गोमेस हे बेट म्हणजे दोन खडक आणि त्यांना जोडणारी एक चिंचोळी पट्टी, सगळे मिळून सुमारे पंधरा हेक्टर. गोडे पाणी कायमचे नाही, माणूस राहत नाही, समुद्रपक्षी मात्र हजारोंनी घरटी करतात. त्याची जागा २६°२८′ दक्षिण, १०५°२२′ पश्चिम. नियम लावला की येते २६°२८′ उत्तर, ७४°३८′ पूर्व, आणि हे अजमेर शहर आहे. ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांचा दर्गा आणि आनासागर तलाव यांच्यापासून हा बिंदू दोन-तीन किलोमीटरांच्या आतबाहेर पडतो. उरुसाला लाखोंच्या संख्येने माणसे जिथे लोटतात त्याच्या बरोबर पलीकडे, हजारो किलोमीटरांच्या पाण्यात, पक्ष्यांशिवाय कोणी नसलेला एक खडक आहे. या दोन बेटांमधले अंतर आणि त्यांच्या राजस्थानातल्या दोन जोडबिंदूंमधले अंतर तंतोतंत सारखे भरते, कारण विरुद्ध बिंदू घेताना आकार बदलत नाही, फक्त उलटा होतो.

भारताच्या वाट्याला इतके पाणी येणे यात नवल नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग समुद्राखाली आहे. जमीन आणि पाणी कसेही विखुरलेले असते, तर जमिनीच्या साधारण २९ टक्के भागापलीकडे जमीन आली असती. प्रत्यक्षात हा वाटा सुमारे १५ टक्के आहे, अपेक्षेच्या निम्मा, कारण बहुतेक जमीन एकाच गोलार्धात गोळा झालेली आहे आणि दुसरा गोलार्ध पॅसिफिकने व्यापला आहे. आफ्रिकेचा बराच भाग पॅसिफिकच्या समोर येतो, ऑस्ट्रेलिया अटलांटिकच्या, उत्तर अमेरिकेचा मोठा भाग हिंदी महासागराच्या. दक्षिण ध्रुवाभोवती अंटार्क्टिका खंड आहे आणि त्याच्या समोर उत्तर ध्रुवाभोवती, जवळपास तेवढ्याच क्षेत्रफळाचा, आर्क्टिक महासागर.

जमिनीसमोर जमीन येणारे प्रदेश म्हणूनच ठळक उठून दिसतात. सर्वांत प्रसिद्ध जोडी स्पेन आणि न्यूझीलंडची. न्यूझीलंडमधले हॅमिल्टन आणि स्पेनमधले कोर्दोबा यांच्यात फक्त दहा-बारा किलोमीटरांची चूक आहे. टौरांगा आणि हाएन तितकेच जवळ. माद्रिदच्या समोर न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरची कुरणे येतात. दुसरी मोठी जोडी चीन आणि दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागाची: शांघायच्या पलीकडे उरुग्वे नदीकाठचा अर्जेंटिनाचा सीमाभाग, हाँगकाँगच्या पलीकडे अर्जेंटिनाचा वायव्य डोंगराळ कोपरा. मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या दुबईला मुंबईपेक्षा थोडे अधिक नशीब लाभले आहे. पिटकेर्न बेटसमूहातल्या ड्युसी या निर्मनुष्य प्रवाळबेटाचा विरुद्ध बिंदू दुबई शहराच्या दक्षिणेला सुमारे साठ किलोमीटरांवर येतो.

दोन विरुद्ध बिंदूंवर ऋतू उलटे असतात आणि सूर्याच्या हिशेबाने बारा तासांचा फरक असतो. मुंबईत मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी ज्या क्षणी उभ्या काठीची सावली नाहीशी होते, त्या क्षणी पलीकडच्या समुद्रावर ऐन मध्यरात्र असते आणि सूर्य बरोबर पायाखाली. सूर्योदय आणि सूर्यास्त मात्र एकमेकांवर किंचित चढतात. वातावरण प्रकाशाला वाकवते, म्हणून सूर्य प्रत्यक्ष क्षितिजाखाली असतानाही वर दिसतो, आणि त्याचे बिंबही काही लहान नाही. त्यामुळे मुंबईत सूर्य उगवत असताना आणि तिथे तोच मावळत असताना सुमारे सात मिनिटे तो दोन्हीकडून दिसतो. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, एवढाच काळ या दोन ठिकाणांना एकच सूर्य मिळतो.

पलीकडे जाऊन पाहण्याच्या कितीतरी आधी माणसाने तिथल्या माणसाचा विचार केला होता. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात विषुववृत्तावर नव्वद-नव्वद अंशांवर चार नगरे मानली आहेत: लंका, यवकोटी, सिद्धपूर आणि रोमक. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा सिद्धपुरात तो मावळतो, यवकोटीत मध्यान्ह असते आणि रोमकात मध्यरात्र. लंका उज्जैनच्या रेखावृत्तावर धरली होती, त्यामुळे आजचे आकडे घालून चारही नगरे शोधता येतात. लंका मालदीवच्या आग्नेयेला पाण्यात, सिद्धपूर गालापागोस बेटांच्या पश्चिमेला पाण्यात, रोमक अटलांटिकमध्ये पाण्यात. यवकोटी तेवढी नाउरू या बेटाच्या बरीच जवळ, पण तीही पाण्यात. नगरे कल्पित होती, त्यांच्यामधली वेळ मात्र खरी होती. आर्यभटाने पृथ्वीला सर्व बाजूंनी केसर असलेल्या कदंबाच्या फुलाची उपमा दिली आहे: जीव तिच्यावर सगळीकडून असेच वसलेले असतात.

पलीकडची माणसे खाली का पडत नाहीत, या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर भास्कराचार्यांचे आहे. ११५० मध्ये पुऱ्या झालेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात ते म्हणतात की जो जिथे उभा असतो तो पृथ्वी आपल्या पायाखाली आहे आणि आपण तिच्या वर आहोत असेच मानतो. अर्ध्या पृथ्वीइतक्या अंतरावरची माणसे, पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाचे प्रतिबिंब दिसावे तशी, एकमेकांना खाली डोके वर पाय वाटतील. पण तिथे ती तितकीच निर्धास्त उभी असतात जितके आपण इथे. गुरुत्वाकर्षणाचे गणित अजून पाच शतके दूर होते. तरीही ‘खाली’ ही दिशा सगळ्यांची एकच नसते, ज्याची त्याची वेगळी असते, ही गोष्ट एका उपमेत पुरी सांगून झाली होती. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या सान्निध्यात असल्याचे लिहिले आहे, आणि त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांसमोर आणला.

भूमध्य समुद्राभोवती हाच वाद फार कडवट झाला. ग्रीकांना पृथ्वी गोल असल्याचे ठाऊक होते आणि पलीकडच्या माणसांची कल्पनाही होती. पुढे चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टँटियसने पाऊस वरच्या दिशेने पडेल का, पिके उलटी वाढतील का, असे विचारून तिची टर उडवली. संत ऑगस्टीनची भूमिका अधिक विचारी होती. पृथ्वी गोल मानली तरी पलीकडे उघडी जमीन असेलच असे नाही, नुसते पाणीही असू शकेल, असे त्याने लिहिले. राजस्थानातले दोन ठिपके सोडले तर भारताच्या बाबतीत हे त्याच्या काळी कोणालाही माहीत नसताना खरे होते. सहाव्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस या व्यापाऱ्याने मात्र पृथ्वी सपाट असल्याचे सिद्ध करायला अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कल्लियाना या बंदराचा उल्लेख आहे, आणि बहुतेक अभ्यासक ते आपले कल्याण मानतात. आर्यभटाचा ग्रंथ तेव्हा लिहून झालेला होता. मिरी आणि कापड समुद्र ओलांडत होते, पण हा विचार त्या गलबतांवर चढला नाही.

युरोपीय जहाजे दक्षिण समुद्रात पोहोचल्यावर विरुद्ध बिंदू नकाशावरचे खरे ठिकाण झाले. १८०० मध्ये कॅप्टन हेन्री वॉटरहाउस याला न्यूझीलंडच्या आग्नेयेला काही निर्मनुष्य बेटे दिसली. ती लंडनच्या जवळपास बरोबर पलीकडे होती, म्हणून त्यांना तसेच नाव मिळाले, आणि आजही ती अँटिपोडीझ, म्हणजे विरुद्ध बिंदू, बेटे म्हणून ओळखली जातात. हिशेब केला तर त्यांच्या समोर लंडन येत नाही, फ्रान्समधल्या शेरबूरजवळचा नॉर्मंडीचा किनारा येतो.

माणूस तिथे पोहोचायला उशीर झाला, लहरींना तो कधीच झाला नाही. एका बिंदूपासून सर्व दिशांना सुटलेली लहर गोलावर पसरते, अर्धे अंतर कापल्यावर पुन्हा आवळू लागते आणि विरुद्ध बिंदूवर सगळीकडून एकदम येऊन मिळते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआचा स्फोट झाला तेव्हा हवेच्या दाबाची लहर कोलंबियात बोगोटाच्या परिसरात अशी एकवटली आणि तिथून उलट पसरत पुन्हा क्राकाटोआकडे गेली. जगभरच्या वायुभारमापकांनी पाच दिवस तिच्या येरझाऱ्या नोंदवल्या. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ हुंगा ज्वालामुखी फुटला, तेव्हा तशीच लहर अल्जीरियाच्या दक्षिण वाळवंटावर, सतरा-अठरा तासांच्या प्रवासानंतर, एकत्र आली. पाण्यातही हे घडते. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ समुद्रात केलेल्या स्फोटांचा आवाज बर्म्युडाजवळ, जवळपास बरोबर विरुद्ध बिंदूवर, ऐकू आला. त्या प्रवासाला सुमारे पावणेचार तास लागले. जमिनीच्या पोटातून जाणारी भूकंपलहर या सर्वांहून वेगवान. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी भूकंप झाला, त्याची केंद्रातून सरळ गेलेली लहर सुमारे वीस मिनिटांत पॅसिफिकच्या तळाशी पोहोचली असणार.

याच एकवटण्यामुळे महाराष्ट्राच्या दगडाचा उगम काहींनी पलीकडे शोधला. बुध ग्रहावर कॅलोरिस या प्रचंड आघातखळग्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला तुटक्या-फुटक्या टेकड्यांचा प्रदेश आहे. मरिनर १० यानाने १९७४ मध्ये तो दाखवला. त्यावरून एक तर्क निघाला: ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत चिक्शुलूब येथे लघुग्रह आदळला, त्याच्या लहरी विरुद्ध बिंदूवर एकवटल्या आणि दख्खनचा लाव्हा फुटला. तर्क मोहक आहे, पण टिकत नाही. त्या काळी भारत चिक्शुलूबच्या विरुद्ध बिंदूवर नव्हता, हजारो किलोमीटर बाजूला होता, आणि लाव्हा आघाताच्या आधीच वाहू लागला होता. आज काही भूवैज्ञानिक सौम्य मत मांडतात: आघाताच्या हादऱ्याने आधीच चालू असलेल्या उद्रेकाला जोर आला असावा आणि पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर या नावांनी ओळखले जाणारे वाई उपगटातले मोठे थर त्यानंतरचे असावेत. यावर अजून एकमत नाही.

भूपट्ट सरकत असल्याने विरुद्ध बिंदूही कायमचा नसतो. भारत वर्षाला साधारण पाच सेंटिमीटरांनी ईशान्येकडे जात आहे. अक्षांश उत्तरेला वाढला की पलीकडचा दक्षिणेला वाढतो, आणि रेखांश दोन्हीकडे पूर्वेलाच सरकतो, म्हणून मुंबईचा बिंदू समुद्रतळावर आग्नेयेकडे चालला आहे. खालचा तळही स्थिर नाही. तो नाझ्का भूपट्टाचा भाग आहे आणि भारताहूनही वेगाने पूर्वेकडे, दक्षिण अमेरिकेच्या दिशेने सरकत आहे. कलांपर्यंत लिहिलेल्या आकड्यांत हा बदल दिसायला कित्येक हजार वर्षे जावी लागतील. पण अजमेर आणि सालास इ गोमेस दोन वेगळ्या भूपट्टांवर आहेत, वेगळ्या दिशांनी आणि वेगळ्या वेगांनी जाणाऱ्या, आणि त्यांची जोडी दरवर्षी काही सेंटिमीटरांनी सुटत आहे.